आधी तोंड बघा, मग डबा

प्रश्न : माझ्या माशांच्या अडीच फुटी टँकमध्ये सहा काळे मॉली, दोन एंजल, चार कॉरी आणि एक सकर आहे. दुकानदाराने दिलेले लाल दाणे दिवसातून तीनदा घालतो. ‘सगळ्यांना हेच चालतं,’ असं तो म्हणाला होता. पण पाणी दोन दिवसांत दुधाळ होतं, नर-मादी सगळ्याच मॉलींची पोटं फुगलीत आणि सकर मात्र वाळत चाललाय. नेमकं काय घालावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बरं झालं, नरांची पोटंही फुगलीत हे लिहिलंत. नुसत्या माद्या म्हणाला असतात, तर मी ‘अभिनंदन, पिल्लं येताहेत’ असं कळवून मोकळी झाले असते!

दाणे घालताना एकदा टँकसमोर खुर्ची टाकून बसा. मॉलीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं दिसेल. पाण्याच्या पृष्ठभागावरचं टिपायचं आणि दगडावरचं शेवाळ खरवडायचं, हा तिचा धंदा. तिचं आतडं लांब, पालापाचोळ्याला सोयीचं. मासळीच्या कुटाचे दाणे तिला रोज तीनदा म्हणजे आपण रोज श्रीखंड-पुरी खाण्यासारखं. तिला स्पिरुलिनाचे (एका निळ्या-हिरव्या शेवाळाचे) फ्लेक्स घाला. आठवड्यातून दोनदा पालकाचं पान मिनिटभर उकळून, दोऱ्याने खड्याला बांधून सोडा. तासाभरात पानाची जाळी होते. उरलेलं संध्याकाळी काढून टाका.

एंजलचं तोंड समोर, म्हणजे शिकाऱ्याचं. लाल दाणे त्याला चालतील, शिवाय आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) द्या. जिवंत ट्यूबिफेक्सच्या वाटेला मात्र जाऊ नका. हे किडे गटाराच्या गाळात वाढतात. पंचवीस वर्षांपूर्वी मी ते हौसेने आणले, वरवर धुऊन घातले आणि आठ दिवसांत एंजलची जोडी गेली. डासांच्या अळ्याही एंजल आवडीने खातो (विहिरीत गप्पी सोडतात ते त्याचसाठी), पण म्हणून गॅलरीत बादली भरून ठेवू नका. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

कॉरीचं तोंड खाली, मिशांच्या मध्ये. वरच्यांच्या तावडीतून सुटलेलं त्याच्यापर्यंत फारसं पोचत नाही. दिवा बंद केल्यावर बुडणाऱ्या चारदोन गोळ्या टाका.

आता सकर. तो काचेवरचं शेवाळ खाऊन जगतो, ही समजूत त्या बिचाऱ्याला उपाशी मारते. तुमच्या टँकमध्ये शेवाळ असून असून किती असणार? त्याला रात्री शेवाळाची वेफर नाहीतर काकडीची जाड चकती द्या, आणि चघळायला लाकडाचा ओंडकाही ठेवा. तो फुटापेक्षा मोठा होतो, तेव्हा अडीच फुटांत त्याचा कायमचा संसार होणार नाही. मोठा टँकवाला कुणी आत्ताच गाठून ठेवा. कृष्णेत मात्र सोडू नका. आपल्याकडच्या नद्या-तलावांत सकर शिरून आधीच उपद्रव झालाय.

दुधाळ पाणी म्हणजे न खाल्लेले दाणे कुजून माजलेले जिवाणू. दोन दिवस खाणं पूर्ण बंद. तुमचे मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात, काळजी नको. रोज पाव भाग पाणी बदला. नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं असावं, आणि तळाचा गाळ नळीने ओढून घ्या. मग दिवसातून दोनदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातला एक वार उपासाचा. एवढं करूनही मॉलीचे खवले उभे राहिले, तर दुखणं खाण्यापलीकडचं आहे. तिला वेगळ्या टाकीत ठेवा.

किलोची स्वस्त पिशवी मात्र घेऊ नका. उघडल्यावर जीवनसत्त्वं उडतात आणि पावसाळ्यात दाण्यांना बुरशी धरते. महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढी छोटी डबी आणा, आणि ती पाहुण्यांच्या मुलांच्या हाताला लागेल अशी टँकवर ठेवू नका. माझ्याकडे एका रविवारी भाच्याने अख्खी डबी ओतली होती.