डीव्हीआरमधलं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर: आधी डिस्क थांबवा, बाकीचं नंतर

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं सगळं आठवलं. पार्किंगमधून स्कूटर गेली, आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी मशीन), पेनड्राइव्ह लावला तर ओळखत नाही, मेंटेनन्सवाला म्हणतो 'सोमवारी माणूस पाठवतो'. आणि तुमचे प्रश्न दोन: डिस्क काढून लॅपटॉपला जोडली तर चालेल का, आणि पुढे रेकॉर्डिंग आपोआप कॉम्प्युटरवर पडेल अशी काही सोय डीव्हीआरला करता येईल का.

दोन्ही होतं. पण सोमवारची वाट बघू नका. आज रात्रीच मेनूतून शटडाउन करून डीव्हीआर बंद करा. चार दिवस कॅमेरे बंद राहिले म्हणून कमिटीतलं कुणी ओरडलं तर ओरडू दे.

कारण साधं आहे. एक कॅमेरा २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो. आठ कॅमेरे म्हणजे १७३ जीबीच्या आसपास. तुमची डिस्क १ टीबीची. सहावा दिवस संपायच्या आत डिस्क भरते आणि डीव्हीआर सर्वांत जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं लिहायला लागतो. कोटेशनमध्ये 'तीस दिवस बॅकअप' लिहिलेलं असतं, ते कुठल्या सेटिंगवर हे कुणी सांगत नाही. चोरी मंगळवारी झाली असेल तर सोमवारी तो माणूस येईपर्यंत मंगळवार शिल्लक राहीलच याची खात्री नाही.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. गेटवर रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोने आमच्या इमारतीतल्या एका काकांना उडवलं. पाय मोडला. टेम्पोवाला थांबला नाही. त्याच संध्याकाळी आम्ही चौघांनी मॉनिटरवर प्लेबॅक बघितला, टेम्पोचा नंबर दिसत होता. आता फक्त पेनड्राइव्हवर घ्यायचं, असं सगळ्यांना वाटलं. तर बॅकअपचा पर्यायच दाबता येईना. इन्स्टॉलरने आम्हाला जे लॉगिन दिलं होतं ते फक्त बघण्यापुरतं होतं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्यांच्या ऑफिसात. सोसायटीच्या पैशाने घेतलेली मशीन, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात!

त्या ऑफिसचं नाव घेत नाही. फोन केला, तर पासवर्ड फोनवर देत नाही म्हणाले. बरं, सुरक्षेचा प्रश्न आहे, समजू शकतो. मग लेटरहेडवर अर्ज मागितला. दिला. मग सेक्रेटरीच्या सहीबरोबर चेअरमनची सही हवी. ती घेतली. मग अकाउंट्सवाल्या बाई म्हणाल्या, तुमचं वार्षिक मेंटेनन्सचं बिल बाकी आहे, ते आधी भरा. भरलं. मग इंजिनियर गावी गेलेला. प्रत्येक जण अगदी गोड बोलत होता, नाही कुणीच म्हणत नव्हतं, आणि त्या सगळ्या गोडव्यात डिस्क आपली फिरतेच आहे. शेवटी इंजिनियर आला, पाच मिनिटं बघितलं, 'हँग होतोय' म्हणाला आणि त्याने डिस्क फॉरमॅट केली. आम्हाला न विचारता. सर्व्हिस रिपोर्टवर लिहिलं: डीव्हीआर ओके.

काकांच्या क्लेमला त्या नंबरचा पुरावा उरला नाही. वॉचमनने मोबाइलवर मॉनिटरचा व्हिडिओ काढला होता, त्यात टेम्पो दिसतो, नंबर दिसत नाही. त्या ऑफिसशी नंतर बराच पत्रव्यवहार केला, उत्तर 'डेटाची जबाबदारी ग्राहकाची'. असो.

म्हणून माझं ठाम मत: पासवर्डसाठी कुणाच्या मागे लागण्याआधी डिस्क सुरक्षित करा. पासवर्ड उद्या मिळेल, परवा मिळेल. पुसलेला मंगळवार मिळणार नाही.

आता कसं करायचं ते. डीव्हीआर बंद झाला की प्लग काढा, वरचं झाकण उघडा. आतली डिस्क साधी साडेतीन इंची साटा डिस्क (डेस्कटॉपमध्ये असते तशी) असते, खालून चार स्क्रू. ती काढा, त्यावर कागद चिकटवून तारीख-वेळ लिहा, दोघांच्या सह्या घ्या, कमिटीच्या रजिस्टरमध्ये नोंद करा. डीव्हीआरमध्ये नवी डिस्क टाका आणि कॅमेरे पुन्हा चालू करा. नवी डिस्क लावल्यावर मशीन फॉरमॅट करायला सांगते, त्या वेळी जुनी डिस्क आत नाही ना हे बघून मगच हो म्हणा. वॉरंटीचं सील असेल तर ते तुटेल. त्याचा निर्णय तुमचा, मी सांगितलं म्हणून करू नका.

लॅपटॉपला जोडण्याबद्दल. साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबी केबलवर चालत नाही, तिला १२ व्होल्ट लागतात. वेगळा अ‍ॅडॅप्टर असलेला साटा डॉक (डिस्क खोचून यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा स्टँड) घ्या. जोडल्याबरोबर विंडोज म्हणेल की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, किंवा इनिशियलाइझ करा. नाही म्हणा. डिस्क खराब नसते, विंडोजला ती वाचता येत नाही एवढंच. डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम, प्रत्येक डीव्हीआर कंपनीची निराळी: हिकव्हिजनची त्यांची स्वतःची, दाहुआची डीएचएफएस वेगळी, इतरांची आणखी वेगळी. डबल क्लिक करून फाइली दिसतील ही आशा सोडा. लिनक्स येत असेल तर आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर करा. अशा डिस्क वाचणारी सॉफ्टवेअरं मिळतात, काही चांगली आहेत, पण नेटवरून फुकट उतरवलेलं काहीही मूळ डिस्कवर चालवू नका.

त्यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे जुनी डिस्क पुन्हा त्याच डीव्हीआरमध्ये (किंवा त्याच मॉडेलच्या दुसऱ्यात) टाकून तिथूनच कॉपी करणं. फक्त चालू करण्याआधी मागच्या सगळ्या कॅमेऱ्यांच्या बीएनसी वायरी (चित्र आणणाऱ्या, गोल फिरवून बसणाऱ्या) काढून ठेवा. चित्रच आलं नाही तर नवं लिहायला सहसा काही उरत नाही. चालू झाल्यावर अ‍ॅडमिन हातात असेल तर डिस्कच्या सेटिंगमध्ये रीड-ओन्ली (फक्त वाचा, लिहू नका) असा पर्याय बऱ्याच मशीनमध्ये असतो, तो निवडा. अ‍ॅडमिन पासवर्ड नसेल तर इन्स्टॉलरऐवजी थेट उत्पादक कंपनीच्या सपोर्टकडे जा. खरेदीची पावती आणि सिरियल नंबर द्या. नव्या मशीनमध्ये क्यूआर कोड किंवा एक्सपोर्ट केलेल्या फाइलवरून रिसेट होतो. मदरबोर्डवरचा सेल काढला की पासवर्ड जातो, असं कुणी सांगेल. बहुतेक मशीनमध्ये त्याने फक्त घड्याळ बिघडतं, आणि ते तुम्हाला आत्ता मुळीच नको आहे.

पेनड्राइव्ह ओळखत नाही याचं कारण बहुधा त्याचा फॉरमॅट, म्हणजे फॅट३२, एक्सफॅट अशी त्यावर फाइली मांडायची पद्धत. पुष्कळ डीव्हीआरना फक्त फॅट३२ कळतो. तुमचा ६४ जीबीचा असेल तर तो एक्सफॅट असणार, आणि विंडोजच्या नेहमीच्या खिडकीतून ३२ जीबीच्या वर फॅट३२ करता येत नाही. सरळ जुना १६ किंवा ३२ चा घ्या. डीव्हीआरच्या मेनूतून पेनड्राइव्ह फॉरमॅट करायला जाऊ नका, आतली डिस्क फॉरमॅट करायचं बटण तिथेच शेजारी असतं. त्याहून बरं, लॅन केबलने डीव्हीआर राउटरला जोडा आणि कंपनीच्या क्लायंट सॉफ्टवेअरमधून रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उतरवा. तासाचं फुटेज पेनड्राइव्हवर घेताना जो जीव जातो तो वाचतो.

उतरवलेली फाइल व्हीएलसी प्लेयरमध्ये धड चालत नाही म्हणून घाबरू नका. नावाच्या शेवटी डीएव्ही असलेल्या फाइलला त्या डीव्हीआर कंपनीचा प्लेयर लागतो. काहींची एमपी४ नावाची फाइलही आतून वेगळी असते, एफएफएमपेग या फुकट व्हिडिओ प्रोग्रामने नुसता कॉपी मोड लावून नवं आवरण दिलं की चालते. पण रूपांतर केलेली फाइल फक्त बघण्यासाठी. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा.

पोलिसांना द्यायचं आहे म्हणून थोडं कायद्याचं. मी वकील नाही, हे वकिलाला विचारून घ्या. पूर्वी अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याच्या परिशिष्टात प्रमाणपत्राचा नमुना आहे, भाग अ आणि भाग ब, ब तज्ज्ञाने भरायचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल नंतर बदलली का हे दाखवणारा तिचा ठसा, लिहावी लागते. विंडोजमध्ये सर्टयुटिल कमांडने एसएचए२५६ प्रकारची हॅश काढता येते. फाइल उतरवल्या उतरवल्या काढा, नंतर नाही.

या विषयावरचा मोठा निकाल आपल्या जालन्याचा आहे: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, १४ जुलै २०२०. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर घेतला का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं. न्यायालयाने सांगितलं की प्रतीसाठी प्रमाणपत्र आवश्यकच. मूळ उपकरणच मालकाने साक्षीत आणून दाखवलं तर मात्र त्याची गरज नाही. पण त्या खटल्यात संबंधित अधिकाऱ्यांकडे वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळालं नव्हतं, आणि मागणाऱ्याने शक्य ते सगळं केलं म्हणून त्याला सूट मिळाली. म्हणजे कुठल्याही ऑफिसात तोंडी मागू नका. लेखी अर्ज, पोच, तारीख. आमच्या फायलीत यातलं निम्मं फोनवरचं बोलणं होतं.

जाता जाता: परमवीर सिंग सैनी खटल्यात, डिसेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग १८ महिने जपायला सांगितलं, तशी यंत्रणा बाजारात नसेल तर निदान वर्षभर. आणि आपण सोसायट्या सहा दिवसांवर खूश.

आता कायमची सोय. डीव्हीआरच्या आत सोल्डरिंग वगैरे काही करायची गरज नाही. बहुतेक मशीन आरटीएसपी प्रवाह, म्हणजे नेटवर्कवरून कॅमेऱ्याचं चालू चित्र, देतात, सहसा पोर्ट ५५४ वर. सोसायटीच्या ऑफिसमधला जुना डेस्कटॉप घ्या, लिनक्स टाका, एफएफएमपेगला गेटचा आणि पार्किंगचा चॅनेल द्या, दहा-दहा मिनिटांच्या फाइली करायला सांगा. व्हिडिओ पुन्हा एन्कोड (नव्या रूपात बदल) करू नका, नुसती कॉपी. मग जुनाट प्रोसेसरलाही घाम फुटत नाही. फाइल एमपी४ ऐवजी एमकेव्ही ठेवा, कारण मध्येच लाइट गेली तर अर्धवट एमपी४ उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची दिसते. आठही कॅमेरे घेऊ नका, जिन्यातल्या मांजरांचं चित्रीकरण जपून काय करणार? डीव्हीआरवर या कामासाठी वेगळा युजर करा, फक्त बघण्याचा अधिकार असलेला.

काही जण सांगतील राउटरमध्ये पोर्ट उघडा, म्हणजे इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत वाट करून द्या, आणि घरबसल्या बघा. मुळीच करू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने फॅक्टरी पासवर्ड असलेले डीव्हीआर आणि कॅमेरेच लाखांनी ताब्यात घेतले होते. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे पासवर्डने बंद केलेला खासगी जोड.

घड्याळ तपासा. आत्ता, डीव्हीआर बंद करण्याआधी, स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्या. फरक असेल तर तो लिहून ठेवा, पण जुनं रेकॉर्डिंग हातात येईपर्यंत वेळ दुरुस्त करू नका. नंतर एनटीपी (इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवणारी सोय) चालू करा, टाइम झोन ५:३०, आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. सेल गेला की लाइट जाऊन आल्यावर मशीन भलत्याच वर्षात जाते.

आणखी एक. 'एचडीडी एरर' दिसून डीव्हीआर सारखा रीस्टार्ट होत असेल तर डिस्क बदलण्याआधी १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर बदलून बघा. स्वस्तातला अ‍ॅडॅप्टर थकला की डिस्कला सुरू होतानाचा करंट मिळत नाही. आमचा 'हँग होतोय' तोही तसलाच निघाला, फॉरमॅट झाल्यावर कळलं.

डीव्हीआरचं मॉडेल आणि मागच्या पोर्टांचा फोटो इथे टाका, सिरियल नंबर आणि क्यूआर कोड झाकून. मॉडेल कळलं की कोणता प्लेयर आणि आरटीएसपीचा पत्ता कसा लिहायचा ते सांगतो. मेंटेनन्सच्या करारात अ‍ॅडमिन पासवर्डबद्दल काय लिहिलंय तेही बघून ठेवा, आमच्या करारात त्याबद्दल एक ओळही नव्हती.