खाली भांडी वाजतात आणि वर बेस येत नाही, सबवूफरचं काय करू?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात माडीवर राहता, खाली लाकडी तुळया आणि फळ्यांची जमीन, खोली 12 बाय 10 फूट. टीव्हीच्या कोपऱ्यात 10 इंची सबवूफर (फक्त खालचे जाड सूर, म्हणजे बेस, वाजवणारा स्पीकरचा खोका), सोफा साधारण खोलीच्या मधोमध. पिक्चर लावला की खाली घरमालकीण काकूंच्या मांडणीवरची भांडी वाजतात, आणि तुम्हाला मात्र सोफ्यावर बेस पोकळ वाटतो. खाली रबरी पॅड घालू की भिंतीला फोम लावू, असं विचारलंय.

आधी काहीच विकत घेऊ नका. तुमच्या दोन तक्रारी दिसायला उलट्या आहेत, पण मूळ एकच आहे. सबवूफर चुकीच्या जागी आहे, आणि ती चूक तुम्ही व्हॉल्यूम वाढवून भरून काढताय. वाढवलेलं सगळं काकूंच्या वाट्याला जातंय.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. राजारामपुरीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, खाली एक निवृत्त गुरुजी असतात. नवीन सबवूफर आणल्यावर चौथ्या दिवशी ते वर आले. आवाज चढवला नाही, चहा घेतला आणि म्हणाले, "1967 साली कोयनेचा भूकंप झाला तवा आमच्या फळीवरची भांडी अशी वाजली होती. त्यानंतर आत्ता वाजायलीत." मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण तीच भानगड होती ना, जमिनीत आधीच सबवूफर शिरला होता.

आता तुमच्या खोलीचं गणित बघू. आवाज सेकंदाला साधारण 1130 फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये 12 फूट अंतर असेल तर 1130 ला त्याच्या दुपटीने, म्हणजे 24 ने भागायचं. येतात 47 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 47 कंप. या कंपनसंख्येला आवाज दोन भिंतींमध्ये अडकून उभा राहतो. भिंतीजवळ त्याचा दाब सगळ्यात जास्त, आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. तुम्ही त्या शून्यावर सोफा ठेवलाय. बेस गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते, म्हणजे ज्या सुरांसाठी पैसे मोजले त्यांच्या शेजारचाच पट्टा तुमच्या कानापर्यंत येत नाही. एकदा 47 हर्ट्झचा सलग सूर लावा आणि सोफ्यावरून उठून भिंतीपर्यंत चालत जा. आवाज असा फुगत जाईल की कुणीतरी बटण फिरवतंय असं वाटेल.

आणि कोपरा? कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात, त्यामुळे खोलीतले असे सगळे अडकलेले सूर तिथून जास्तीत जास्त जोराने उठतात. दुकानदार कोपऱ्यात ठेवायला सांगतात कारण तिथे कमी ताकदीत जास्त घुमतं. घुमणं आणि बेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला वर्ष लागलं.

आता भांड्यांकडे. कंप खाली दोन वाटांनी जातो. एक, खोक्याच्या पायांतून थेट फळ्यांत आणि तुळयांत. दोन, हवेतून: आवाजाचा दाब सगळ्या जमिनीला आणि भिंतींना हलवतो. पॅडचा उपयोग फक्त पहिल्या वाटेला. म्हणून आधी कुठली वाट आहे ते ओळखा. घरातली एक जाड वाकळ चार घड्या घालून सबवूफरखाली ठेवा, तोच सूर त्याच व्हॉल्यूमवर लावा आणि कुणाला तरी खाली उभं करा. भांडी गप्प झाली तर पायांची वाट. तशीच वाजत राहिली तर हवेची. सबवूफरची हवा बाहेर टाकणारं तोंड किंवा खाली तोंड केलेला स्पीकर वाकळेने झाकला जाणार नाही एवढं बघा, नाहीतर परीक्षा खोटी ठरेल. आमच्याकडे सिमेंटचा स्लॅब आहे, तिथे वाकळ घालून फारसा फरक पडला नाही. लाकडी जमिनीवर पडेल असा माझा अंदाज आहे, कारण फळ्यांची जमीन ही ताणलेल्या ढोलाच्या पानासारखी वागते.

पॅडबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक पैसे घालवतात आणि इथे माझं पोटापाण्याचं काम उपयोगी पडतं. मी शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. कॉम्प्रेसर, प्रेस असल्या मशिनांखाली माउंट, म्हणजे कंप अडवणारे दबते पाय, बसवताना आम्ही एकच गोष्ट बघतो: मशिनच्या वजनाने माउंट किती मिलिमीटर दबला. 16 ला त्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागलं की त्या माउंटवर मशिन स्वतःहून किती हर्ट्झला डोलेल ते साधारण कळतं. 4 मिलिमीटर दबला तर 8 हर्ट्झ. 1 मिलिमीटर दबला तर 16. आणि पाव मिलिमीटरच दबला तर 32. कंप अडायला सुरुवात होते ती या आकड्याच्या सुमारे 1.4 पटीच्या वर. त्याच्या खाली काही अडत नाही, आणि बरोबर त्या आकड्यापाशी तर कंप उलट वाढतो.

आता विचार करा. ऑनलाइन मिळणारे कडक काळे रबरी पाय 12-15 किलोच्या सबवूफरखाली दबतात तरी किती? मी व्हर्नियर लावून मोजलं होतं, नावापुरते दबले. म्हणजे ते 30-35 हर्ट्झला डोलणार, ऐन बेसच्या पट्ट्यात. तुम्ही पॅड घातलात आणि भांडी जास्त वाजायला लागली असं झालं तर नवल मानू नका. टोकदार लोखंडी खिळ्यांचे पाय तर कंप अडवतच नाहीत, ते खोका जमिनीला घट्ट जोडतात.

स्वस्तातला उपाय पंक्चरच्या दुकानात मिळतो. स्कूटरची जुनी पण न गळणारी ट्यूब घ्या. त्यात हवा अगदी थोडी, बोटाने दाबली तर सहज आत जाईल एवढीच. तिच्यावर ग्रॅनाइटचा किंवा कडाप्प्याचा तुकडा, खोक्यापेक्षा दोन-दोन इंच मोठा. त्यावर सबवूफर. फरशीवाल्याकडे कटिंगचे उरलेले तुकडे पडलेले असतात, हसून मागितलं तर फार पैसे घेत नाही. दगडाच्या वजनाचा फायदा दुहेरी: ट्यूब नीट दबते आणि खोका स्वतः कमी हलतो. वरून हाताने ढकललं तर सगळं ताबूतासारखं सावकाश डुललं पाहिजे. झटकन थांबलं तर हवा जास्त आहे. घरात लहान मूल असेल तर मात्र हा उद्योग करू नका, दगड घसरला तर पायावर येईल. मग मऊ, जाड, दोन-तीन मिलिमीटर तरी दबेल असा पॅड शोधा.

पण हे सगळं दुय्यम. तुमचा खरा उपाय सबवूफर सोफ्याजवळ आणणं हा आहे.

टीव्हीजवळच ठेवायला पाहिजे असा काही नियम नाही. 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठल्या दिशेने येतोय हे कानाला नीटसं कळत नाही, कारण 80 हर्ट्झची लाटच 14 फूट लांब असते, तुमच्या खोलीहून मोठी. सबवूफर कानापासून दोन फुटांवर आला की थेट त्याचाच आवाज जास्त ऐकू येतो, खोलीचा कमी. मग बटण खाली आणता येतं. आमच्याकडे अर्ध्यावर असलेलं बटण पावाच्याही खाली आलं आणि बेस मात्र पहिल्यापेक्षा भरीव लागला. गुरुजींच्या फळीपर्यंत जाणारा आवाज तेवढाच कमी झाला. फुकटात.

तुमच्या लाकडी जमिनीत एक मेख आहे. जमीन मध्यावर सगळ्यात जास्त लवते आणि तुळईच्या टोकाशी सगळ्यात कमी. म्हणून काकूंकडे चहाला जा आणि बसल्या बसल्या वर बघा. जुन्या घरांत तुळया खालून उघड्या दिसतात. बहुतेक त्या 10 फुटांच्या बाजूने टाकलेल्या असतील, म्हणजे त्यांची टोकं 12 फुटी भिंतींत असतील. लांब भिंतीच्या मध्याजवळची एखादी तुळई हेरा आणि तिच्या टोकावर, भिंतीपासून अर्धा फूट सोडून, सोफ्याच्या हाताला लागून सबवूफर ठेवा. इथे दोन गोष्टी एकदम साधतात. जमीन टणक मिळते, आणि लांबीच्या मध्यावर असल्यामुळे तो 47 हर्ट्झचा अडकलेला सूर फारसा उठतच नाही. जिथे दाब शून्य, तिथून त्या सुराला ढकलताही येत नाही. सोफा मध्यावरून दीडेक फूट मागे घ्या. अगदी भिंतीला टेकवू नका, तिथे सगळंच फुगून येतं.

ही जागा सोयीची नसेल तर उलटा खेळ करा. सबवूफर सोफ्यावर ठेवा, बेसचं ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बेस सारखा आणि स्पष्ट येतो तिथे सबवूफरची जागा. बायको-पोरं हसतील, हसू द्या.

सेटिंगचं थोडक्यात. रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा अॅम्प्लिफायर) असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये पुढचे स्पीकर "स्मॉल" करा, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात तो आकडा, 80 ठेवा, आणि सबवूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत फिरवा, नाहीतर आवाज दोनदा गाळला जातो. सबवूफर अगदी कानाशी असेल आणि बोलण्याचे आवाज तिकडून यायला लागले तर 60 करून बघा. फेजचा खटका (सबवूफरची लाट सुलटी-उलटी करणारा) 0 आणि 180 दोन्हीकडे करून 80 हर्ट्झचा सूर लावा, सोफ्यावर ज्यात जास्त भरेल तो ठेवा. इक्वलायझर असेल तर फुगलेले सूर खाली आणा. पडलेला खड्डा मात्र वर उचलायला जाऊ नका, त्यात फक्त अॅम्प्लिफायर तापतो आणि काकू तापतात.

भिंतीच्या फोमबद्दल विचारलंत. दोन इंची फोम बोलण्याचा प्रतिध्वनी कमी करतो. 50 हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्सासुद्धा साडेपाच फुटांच्या वर जातो, तिला दोन इंच म्हणजे काहीच नाही. अंड्यांच्या ट्रेचं तर नावच काढू नका.

एवढं करूनही एखादं भांडं वाजलंच, तर ते शोधून काढा. मोबाइलवरून 20 ते 100 हर्ट्झचा चढता सूर सावकाश सोडा आणि खाली उभ्या माणसाने काय कधी वाजलं ते सांगायचं. प्रत्येक वस्तूचा आपला एक सूर असतो. आमच्याकडे निम्मा आवाज एका शोकेसच्या सरकत्या काचेचा निघाला, खाचेत सायकलच्या ट्यूबची पट्टी कोंबली आणि विषय संपला. मांडणी भिंतीला टेकते तिथे फेल्टचे तुकडे चिकटवा. मात्र सूर सोडण्याआधी काकूंना कल्पना द्या. गुरुजींनी पहिल्यांदा मोटर जळायलीय समजून मेन स्विच पाडला होता.

एक गोष्ट विचारली नाहीत, तरी सांगतो. मोबाइलच्या अॅपवर डेसिबल दाखवून काकूंशी वाद घालू नका. कायद्यात राहत्या वस्तीला दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 ही मर्यादा आहे खरी, पण ते मोजमाप ए-वेटिंगचं. त्यात 50 हर्ट्झचा आवाज 30 डेसिबलने कमी धरला जातो. आकडा निर्दोष दिसेल आणि भांडी वाजतच राहतील. मिरवणुकीत छातीत धडधड होते तेव्हा आपल्याला हे पटतं, घरी आपलाच रिमोट असला की विसरायला होतं. (मिरवणुकीतल्या त्या स्पीकरांच्या भिंतीला आपण सगळे "डॉल्बी" म्हणतो. डॉल्बी कंपनी 1965 साली सुरू झाली ती टेपवरची खरखर कमी करण्याच्या यंत्रावर, हे एकदा विसर्जनाला शेजारच्याच्या कानात ओरडून सांगितलं होतं. त्याला ऐकू गेलं नाही.)

रात्री हळू आवाजात बेस आधी गायब होतो, हा कानाचा स्वभाव आहे, सबवूफरचा दोष नाही. रिसीव्हरला नाइट मोड किंवा लाउडनेसचं बटण असेल तर ते वापरा, सबवूफरचं बटण चढवू नका. रात्री मला तरी सोफ्याशेजारचा सबवूफर अगदी कमी ठेवून पुरतो.

ट्यूब लावलीत तर महिन्याने हवा बघा, ती हळूहळू उतरते आणि दगड जमिनीला टेकला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तुळया 12 फुटांच्या बाजूने निघाल्या तर मला कळवा, मग जागा बदलावी लागेल.