फुकट उपचार मिळाले तर लोक उगाच गर्दी करतील का?

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये परवा जोरात वाद झाला. माझं म्हणणं, प्रत्येकाला उपचार मिळतील याची हमी सरकारनेच घ्यायला पाहिजे. तर एकजण म्हणाला फुकट म्हटलं की लोक साध्या सर्दीला पण दवाखान्यात रांग लावतात, आणि टॅक्स भरणाऱ्यांनी दुसऱ्यांचा खर्च का उचलायचा? मला नीट उत्तर देता आलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: हमी हवीच, असं माझं ठाम मत आहे. पण तुमच्या मित्राचा गर्दीचा मुद्दा झटकून टाकू नका, त्यात तथ्य आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड या संस्थेने मोठा प्रयोग केला होता, काही कुटुंबांना उपचार पूर्ण फुकट आणि काहींना बिलाचा वाटा स्वतः भरायला लावला. ज्यांना भरावे लागले ते डॉक्टरकडे कमी गेले. पण झालं असं की उगाचच्या फेऱ्यांबरोबर गरजेच्या फेऱ्या पण तशाच कमी झाल्या, कारण छातीत दुखतंय ते गॅसमुळे का हार्टमुळे हे पेशंटला घरी बसून कसं कळणार? बहुतेकांच्या तब्येतीत फार फरक पडला नाही हेही खरं, पण जे गरीब होते आणि आधीच बीपीवाले होते, त्यांचं बीपी फुकटवाल्यांच्या मानाने जास्त राहिलं. म्हणजे फीमुळे रांग कमी होते पण ज्याने यायलाच हवं होतं तोही येत नाही.

राहिला टॅक्स. तो खर्च आपण तसाही उचलतो, फक्त उशिरा उचलतो आणि अनेकदा जास्त उचलतो. अमेरिकेतलंच बघा, किडनी निकामी झालेल्या जवळपास सगळ्यांचा डायलिसिसचा खर्च तिथलं सरकार १९७२ च्या कायद्यामुळे करतं, वय कितीही असो. पण किडनी ज्यामुळे खराब होते त्या बीपी-शुगरच्या साध्या गोळ्यांची तशी हमी सगळ्यांना नाही! मला हे फार चुकीचं वाटतं.

'ज्याने त्याने विमा काढावा' म्हणणारे पण भेटतील. मोकळं सोडलं तर विमा कंपनीला निरोगी गिऱ्हाईक हवं असतं, आणि ज्याला आधीच आजार आहे त्याला एकतर नकार मिळतो नाहीतर न झेपणारा हप्ता.

आणि हे फक्त श्रीमंत देशांनाच जमतं असंही नाही. थायलंडने २००२ मध्ये, फार श्रीमंत नसताना, टॅक्सच्या पैशातून सगळ्यांना सामावून घेतलं, तेव्हा एका भेटीला फक्त ३० बाट (तिथलं चलन) भरावे लागायचे. ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांचे पैसे हॉस्पिटलला त्याच्याकडे नाव नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर मिळतात त्यामुळे तिथे विनाकारण टेस्ट वाढवून फायदा नाही.

मला खरी काळजी वाटते ती वेटिंगची. कॅनडात सरकारी हमी आहे, तरी तिथल्या क्युबेक प्रांतातल्या लांबलेल्या वेटिंगचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००५ मध्ये कोर्टाने तिथली खासगी विम्यावरची बंदी उडवली. म्हणून नुसतं 'सगळ्यांना उपचार' एवढं लिहून भागत नाही, कोणता उपचार, किती दिवसांत आणि नाही मिळाला तर तक्रार कुठे, हे पण कायद्यात पाहिजे. मित्राशी पुढचा वाद घालाल तो यावर घाला.