एकच ठुमरी रोज ऐकली तर तिची गोडी जाते का?

प्रश्न असा: 'सांगलीला राहतो, गाणं शिकलेलो नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची "पिया बिन नाही आवत चैन" दिवसातून पाच-सहा वेळा लावतो. अशाने ती बोथट होईल का? आणि त्यातलं जास्त कळावं म्हणून काय करू?'

खुशाल ऐका. फक्त दर खेपेला कान वेगळ्या जागी लावा. तबकडीच्या त्या काळात एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मिळायची, त्यामुळे एवढ्याशा वेळात भरतीचं काही ठेवायला गवयाला सवडच नसे. गोडी जाते ती भांडी घासताना किंवा गाडी चालवताना गाणं मागे वाजत राहतं म्हणून. रिपीटचं बटण बंद ठेवा आणि संपल्यावर दोनेक मिनिटं दुसरं काही लावू नका.

आधी प्रत बघून घ्या. खरखर पार धुऊन काढलेल्या प्रती ऐकायला गुळगुळीत लागतात, पण खरखरीबरोबर आवाजाची वरची धारही जाते आणि गळा गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. थोडी खरखर असलेली प्रत घ्या; दोन-तीनदा ऐकलं की कान ती आपोआप बाजूला टाकतो. मोबाइलच्या स्पीकरवर नको. खालचे सूर त्यात जवळजवळ उरतच नाहीत. साधा वायरचा इयरफोनही पुरतो.

मग षड्ज, म्हणजे गाण्याचा मूळ 'सा', शोधा. तंबोऱ्याचं ॲप लावून पट्टी (गाण्याचा 'सा' किती उंच धरलाय ते) जुळवायला जाल तर बहुतेक वेळा ती पेटीच्या काळी-पांढरीच्या मधेच कुठेतरी अडकते. गायकाचा यात दोष नाही. तबकडी मिनिटाला 78ऐवजी 80 फेऱ्यांच्या वेगाने फिरवून प्रत केली, तरी सूर जवळजवळ अर्धी पट्टी चढतो. म्हणून ज्यात पट्टी बारीक सरकवता येते असंच ॲप घ्या, आणि एकदा जुळली की तो आकडा लिहून ठेवा. दुसरी प्रत ऐकाल तेव्हा पुन्हा जुळवावं लागेल.

राग झिंझोटी. निषाद (नी) कोमल, बाकी सगळे शुद्ध. ओळखीची खूण म्हणजे मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतावरून उठून 'ध सा रे म ग' असं गंधारावर, म्हणजे 'ग'वर, येऊन थांबणं, आणि उतरताना 'रे सा नि ध प' करत षड्जाच्याही खाली जाणं. एक दिवस फक्त गंधार ऐका: कुठे थेट लागतो, कुठे मध्यमावरून घसरत येतो, कुठे नुसता स्पर्श होतो. दुसऱ्या दिवशी मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, किती वेळा परततो ते कागदावर रेघा मारून मोजा आणि प्रत्येक रेघेपुढे काय बदललं ते लिहा. 'चैन' कुठे लांबवलं, कुठे झटक्यात सोडलं, एवढंच लिहिलं तरी चालेल. तालाचं नाव माहीत नसलं म्हणून अडत नाही. मुखड्यातल्या कोणत्या अक्षरावर तबल्याचा जोर पडतो ते पकडा, तीच सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा.

वेग कमी करून ऐकायचं तर 0.75पर्यंतच. त्याखाली आवाज दाणेदार होतो आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) तुटल्यासारखी ऐकू येते.

पेटीवर ही ठुमरी बसवू नका, निदान आत्ताच नको. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, आणि इथे तर सगळा डोलारा त्याच सुरावर आहे. आठ दिवस पेटीवर घोटलीत तर खाँसाहेबच उतरल्यासारखे वाटायला लागतील! श्रुतींची, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांची, मोजमापं करताना तुमच्याच सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला होता, यावरून काय ते समजा.

तो गंधार खरा ऐकायचा असेल तर मिरज हाकेच्या अंतरावर आहे. सतारमेकर गल्लीतल्या एखाद्या कारागिराला लावलेला तंबोरा छेडून दाखवायची विनंती करा. गर्दीची वेळ टाळा, काम चालू असेल तर थांबा. पहिली तार पंचमाची, मधली जोडी षड्जाची, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची. जवारी (घोडीवर तार टेकते तिथली घासून केलेली घडण) नीट बसलेली असली की खर्ज छेडल्यावर वर बारीकसा गंधार आपोआप उमटतो. तोच स्वयंभू गंधार. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवून बघायला सांगा. एका जागी तार भरून बोलते, जरा पुढे-मागे झाली की मुकी होते किंवा नुसती झणझणते. ॲपमध्ये हे कळत नाही. तिथून मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन या. 1937 साली गेलेल्या खाँसाहेबांची कबर तिथेच आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभाही भरते.

सोबत गुणगुणायचं असेल तर ध्वनिमुद्रणाबरोबर ओढाताण करू नका, त्यांची पट्टी उंच होती. गाणं बंद करा, ॲपवर तुमच्या पट्टीचा तंबोरा लावा आणि फक्त मुखडा म्हणा. पुढचं आठवत नसेल तिथे थांबून तेवढाच तुकडा परत ऐका. चार-पाच दिवस सगळं नुसतंच वाजतंय, नवीन काही सापडत नाही असं झालं, तर हीच ठुमरी 1935च्या 'देवदास'मध्ये सैगल यांनी गायलीय, ती ऐका. तिथे मुखडा कसा सरळ ठेवलाय ते कळलं की खाँसाहेबांनी कुठे कुठे वळण घेतलंय ते नेमकं दिसतं.