य ची किंमत घाल, पण कंसासकट

य = क्ष + १ ही रेषा आणि क्ष² + य² = २५ हे वर्तुळ दिलंय, आणि दोन्ही कुठे छेदतात ते काढायचंय ना? मग य घ्यायचा तो रेषेच्या समीकरणातूनच. वर्गवाल्यातून काढायला गेलास तर वर्गमूळ गळ्यात पडेल. आता य च्या जागी (क्ष + १) लिही, कंसासकट. कंस विसरलास की मधलं २क्ष गायब; मी अकरावीत वर्षभर हेच केलंय. आवरून क्ष² + क्ष − १२ = ० उरतं, म्हणजे क्ष ३ किंवा −४.

खरी गोची पुढे आहे. ही किंमत परत रेषेतच घाल. वर्तुळात ३ घातलेस तर य ४ येतो आणि −४ सुद्धा, पण (३, −४) रेषेवर नाहीच! उत्तरं जोडीनं लिही: (३, ४), (−४, −३). विवेचक (वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) ऋण आला तर खाडाखोड करत बसू नकोस, रेषा वर्तुळाला शिवतच नसते.