रिपोर्टआधी तारखा बघ

प्रिय मुली,

तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचला. 'दोन्ही ओव्हरीज पॉलिसिस्टिक' (म्हणजे दोन्ही अंडाशयांत बऱ्याच सिस्ट) या शब्दांखाली तू लाल पेनाने दोनदा रेघ मारली आहेस. पण मला हवं होतं ते तू पाठवलंच नाहीस: वर्षभरातल्या पाळीच्या तारखा. कालनिर्णयावर खुणा असतील तर उतरवून काढ. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं, पाळी थांबल्यापासून नाही. बऱ्याच जणी इथेच चुकतात आणि पाच दिवस हरवतात.

पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष गडबडीचंच असतं. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत ४५ दिवसांचं अंतरही चालतं. तुला सतराव्या वर्षी, म्हणजे पाळी सुरू होऊन पाच वर्षं झाल्यावर, २१ ते ३५ दिवसांचा हिशोब लागू होतो. वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या आल्या, किंवा एकदा जरी ९० दिवस कोरडे गेले, तर डॉक्टरांना दाखवायचं. 'लग्न झालं की सुरळीत होईल' हे ऐकून घे आणि सोडून दे.

आता त्या 'सिस्ट'. नाव फसवं आहे. रिपोर्टमध्ये कडेने माळेसारखे दिसतात ते २ ते ९ मिलिमीटरचे फॉलिकल, म्हणजे बीजं असलेल्या पाण्याच्या बारीक पिशव्या. एरवी त्यातली एक वाढून फुटते आणि बीज बाहेर पडतं. पीसीओडी (पॉलिसिस्टिक ओव्हरी डिसीज) या आजारात इन्सुलिन (साखर आवरणारं हार्मोन) आणि पुरुषी हार्मोन्स जास्त झाल्यामुळे त्या अर्ध्यावर अडकतात. बीज सुटत नाही, म्हणून पाळी लांबते. या गाठी नव्हेत. ऑपरेशनने काढायच्या नसतात, औषधाने 'विरघळवायच्या'ही नसतात.

रिपोर्टमधली मापं बघ: ३.५ × २.८ × २.४ सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार करून ०.५२ ने गुण, म्हणजे ओव्हरीचं आकारमान साधारण १२ सीसी येतं. मोठ्या बाईसाठी १० च्या वर गेलं की ओव्हरी मोठी धरतात. पण पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत असं चित्र निरोगी मुलींतही सर्रास दिसतं, म्हणून तुझ्या वयात सोनोग्राफीवरून पीसीओडी ठरवतच नाहीत. पाळी अनियमित हवी आणि जोडीला पुरुषी हार्मोन्स वाढल्याचा पुरावाही हवा: हनुवटी-छातीवर राठ केस, हटत नाहीत असे मुरुम किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. नुसत्या चित्रावर हा शिक्का लावून घेऊ नकोस.

खरी सिस्ट वेगळी. न फुटलेलं फॉलिकल फुगून ३ सेंटिमीटरच्या वर गेलं की तिला सिस्ट म्हणतात. आत निव्वळ पाणी असेल आणि ५ च्या आत असेल, तर बहुधा दोन-तीन पाळ्यांत ती आपोआप जाते. सहा ते बारा आठवड्यांनी, पाळी संपल्या संपल्या पुन्हा सोनोग्राफी करायची. आत घट्ट भाग किंवा जुनं रक्त दिसलं तर मात्र पुढचा तपास लागतो. मोठ्या सिस्टमुळे ओव्हरीला पीळ पडू शकतो. एका बाजूला अचानक असह्य कळ आणि सोबत उलट्या, असं झालं तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. काही तासांत ऑपरेशन झालं तर ओव्हरी वाचते.

तपासण्यांत पहिली लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. कोणी विचारलं तर राग मानू नकोस, चुकलेल्या पाळीत ती सगळ्यांचीच करतात. मग टीएसएच (थायरॉईडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), टेस्टोस्टेरॉन, १७-हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉन (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा दोष बघायला) आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर. प्रोलॅक्टिनचं रक्त उठल्या उठल्या किंवा धावपळ करून दिलं तर आकडा उगाच चढतो, दोन तास शांत जाऊ दे. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉनचा आकडा विश्वासाचा नाही. गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या गोळ्याही डॉक्टरांना सांग, त्यांनी तारखांचा सगळा हिशोब विस्कटतो. परीक्षेच्या दिवसांत खाणं तोडलं असेल, वजन झपाट्याने उतरलं असेल, तर तेही सांग. पाळी तेवढ्यानेही थांबते, आणि तिथे 'वजन कमी कर' हा सल्ला उलटा पडतो.

डॉक्टरांनी पाळी आणायला प्रोजेस्टेरॉन हार्मोनच्या गोळ्या दिल्या, तर पाच-दहा दिवसांच्या कोर्सनंतर अंगावरून जाईल. ती पाळी गोळीने आणलेली, बीज सुटल्याची खूण नव्हे. तरी ती कामाची असते, कारण महिनोन् महिने गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं बरं नाही. मेटफॉर्मिन (इन्सुलिनचं काम सुधारणारी गोळी) दिलं तर जेवणासोबतच घे आणि डोस ५००-५०० मिलिग्रॅमने हळूहळू वाढू दे, नाहीतर मळमळ आणि जुलाब हमखास. वजन जास्त असलं तर ५ ते १० टक्के उतरल्यावरही पाळी बऱ्याचदा परत येते. तू ६८ किलोची, म्हणजे साडेतीन ते सात किलो.

डॉक्टरांकडे जाताना पोटावरून पुन्हा सोनोग्राफी होणार असेल तर तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पी आणि लघवी रोखून धर. तारखांचा कागद मात्र आठवणीने ने.

तुझी,
मावशी