वायंगण (पावसाळ्यानंतरच्या हंगामातल्या) भाताला युरिया किती घालायचा, हे हातातला सेन्सर सांगेल का?

हो, सांगेल, पण त्याच शेतात भरपूर नत्र दिलेला एक पट्टा राखलात तरच. सेन्सर नत्र मोजत नाही. पानांवरून परतलेल्या लाल आणि अवरक्त प्रकाशावरून हिरवेपणाचा आकडा देतो. बाकीचं भात पट्ट्याच्या मागे असेल तिथेच युरिया वाढवा, आकडा जुळला तिथे हात आखडा. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत) मात्र जपून: खारं पाणी शिरलं किंवा जस्त कमी पडलं तरी पान पिवळं पडतं, आणि यंत्राला तीही नत्राची भूकच वाटते. दोन-चार कुणग्यांसाठी (छोट्या शेततुकड्यांसाठी) यंत्र घेऊच नका, पानांच्या रंगाचा तक्ता, म्हणजे हिरव्या छटांची नंबर घातलेली पट्टी, पुरतो. लावणीनंतर १४ दिवसांपासून दर आठवड्याला, अंगाची सावली पाडून, वरचं पूर्ण उघडलेलं पान त्यावर धरा. १० पैकी ६ किंवा जास्त पानं ४ नंबरच्या छटेपेक्षा फिकी दिसली तर युरियाचा हप्ता द्या.